जुलाबाची पावडर

॥ श्री ॥
पालेगाव, अंबरनाथ (पूर्व)
१७ फेब्रुवारी २०२५

ती. दादास,

कुमुदिनीचा साष्टांग नमस्कार. वि. वि. आपण एका स्टेशनच्या अंतरावर राहतो आणि माझं पत्र बदलापूरला पाच दिवसांनी पोचतं. तुझ्या कानांनी फोन सोडला आणि तुझ्या ताठ्याने मेसेज. अंगठ्याने लिहिलेलं मी वाचत नाही, असं तू सगळ्या घरादाराला सुनावलंस, तेव्हा पेन शोधण्यावाचून इलाज नव्हता.

बुधवारच्या स्फोटाची बातमी तू वाचली असशीलच. पेपरात आलं नाही ते मी लिहिते. दुपारी साडेबाराला आमच्यामागच्या औद्योगिक वसाहतीत एका केमिकल कारखान्यात टाकी फुटली. माझ्या स्वयंपाकघरातल्या खिडकीची काच थेट कुकरवर येऊन पडली. मी चपला अडकवून समाजमंदिराकडे धावले, कारण लोक भाजलेल्यांना तिथेच आणत होते. कोणाला टेम्पोतून, कोणाला रिक्षातून, एकाला तर निखळलेल्या दारावर आडवं घालून. पहिल्या तीन अँब्युलन्स सगळ्यात वाईट अवस्थेतल्यांना घेऊन उल्हासनगरला गेल्या. मग रस्ता बंद झाला. आगीचे बंब, बघे आणि बघ्यांचे मोबाइल. समाजमंदिरात बाराजण उरले आणि पुढची गाडी यायला साडेतीन तास लागले.

रस्त्याच्या पलीकडे तुझ्या लाडक्या विद्यार्थ्याचं, कल्पेश डॉक्टरचं, नर्सिंग होम आहे. आमची आशा कार्यकर्ती रिद्धी तिकडे पळत गेली. भाजलेली केस आपण घेत नाही, बाकीच्या पेशंटना इन्फेक्शन होतं, असं त्याने काचेआडून सांगितलं. रिद्धीने हात जोडले तेव्हा अर्धं असलेलं शटर पूर्ण खाली आलं. तुझा शिष्य म्हणून मुद्दाम कळवते, शटर फार सफाईने पाडतो.

आमच्याकडे सलाइन नव्हतं. होता एक नळ, पिण्याच्या पाण्याचा फिल्टर, लग्नाच्या मांडवाच्या धुतलेल्या चादरी आणि रिद्धीच्या कपाटात उन्हाळ्यातल्या जुलाबासाठी आलेले जलसंजीवनीचे, म्हणजे ओआरएसचे, चार खोके. मी नळाला पाइप लावून तिघातिघांना वीस मिनिटं भिजवलं, अंगठ्या-घड्याळं काढली, चादरीत गुंडाळलं, आणि एका पुडीला एक लिटर पाणी या हिशोबाने पाजायला बसले. दर पाच मिनिटांनी थोडे घोट. बारातले अकरा बोलत, लघवी करत आणि कारखान्याच्या मालकाला शिव्या देत हॉस्पिटलात पोचले. बारावा सदू. उल्हासनगरच्या खाटा भरल्या म्हणून त्याला पुढे नेत होते, तो विठ्ठलवाडीपाशी गाडीतच गेला.

पाच वाजता पांढऱ्या कपड्यांतली मंडळी सफरचंदं घेऊन आली. तोवर पेशंट गेले होते, म्हणून सफरचंदं रिद्धीच्या हातात ठेवून फोटो काढले. तिचा चेहरा काजळीने काळा होता, फोटो छान आला म्हणे.

वहिनींना नमस्कार. तुझ्या गुडघ्याला माझ्यातर्फे विचार. कळावे. माया आहे तशीच असू दे.

तुझी
कुमू


बदलापूर (पश्चिम)
२४ फेब्रुवारी २०२५

चि. कुमूस,

अनेक आशीर्वाद. तुझं पत्र पोचलं. अक्षर अजून सुरेख आहे, मजकुराबद्दल तसं म्हणता येत नाही.

भाजलेल्या माणसांना तू जुलाबाची पावडर पाजलीस! हे वाचून मी चष्मा पुसला आणि पुन्हा वाचलं, तरी तेच लिहिलेलं होतं. भाजलेल्याचं आतडं झोपी जातं, तोंडाने दिलेलं पोटात साचतं, उलटी होते आणि ती फुप्फुसात उतरते. ही गोष्ट मी सर्जरीच्या मुलांना पंचवीस वर्षं शिकवली. उल्हासनगरचे सिंधी पेशंट मला डॉक्टरसाईं म्हणायचे ते उगाच नाही. अकराजण वाचले हे त्यांचं नशीब, तुझा उपचार नव्हे. पाऊस आपल्यामुळे पडला असं बेडकाला वाटतं, पण बेडकाला कोणी हवामान खात्यात बसवत नाही.

चाळीस वर्षं सिस्टर होतीस. चांगली होतीस, हे मी चारचौघांत सांगतो. पण देवळाच्या पायरीवर चाळीस वर्षं बसून कोणी पुजारी होत नाही.

आता मुद्द्याचं. सदूच्या बायकोने, विठाने, लेखी तक्रार दिली आहे. निवृत्त नर्सने अधिकार नसताना पाणी पाजून माझ्या नवऱ्याचा जीव घेतला, असं तिचं म्हणणं. तक्रार टाइप केलेली आहे आणि भाषा स्वच्छ आहे. त्यावर चौकशी समिती बसली आहे आणि तिने तज्ज्ञ म्हणून माझं मत मागितलं आहे. ती नर्स माझी सख्खी बहीण आहे, हे मी समितीला आधीच कळवलं. त्यांचं उत्तर आलं, की बहिणीविरुद्ध लिहिणारा तज्ज्ञ तर जास्तच विश्वासाचा. म्हणजे मी काय लिहिणार ते त्यांनी धरूनच चाललं आहे, आणि त्यात ते चूक नाहीत. शास्त्र सांगतं तेच मी लिहीन. राखीपौर्णिमेचा त्यात संबंध नाही.

कल्पेश परवा येऊन पाया पडून गेला. त्या दिवशी त्याच्याकडे स्टाफ नव्हता म्हणाला. शटरबद्दल तू लिहिलेलं मी अर्धं सोडून दिलं. तुला पहिल्यापासून मीठ-मसाला लावायची सवय.

कुंदा बरी आहे, तुझी आठवण काढते. रागावलीस तरी चालेल, पत्र टाकायचं थांबवू नकोस.

तुझा
दादा


पालेगाव
२ मार्च २०२५

ती. दादास,

सा. न. वि. वि. तुझ्या आशीर्वादात दर वेळी थोडं विष असतं. या वेळी विषात थोडा आशीर्वाद होता, तो मी गाळून घेतला.

तू पंचवीस वर्षं जे शिकवलंस ते हॉस्पिटलातलं. तिथे भिंतीला ऑक्सिजन असतो, खाटेला सलाइनचा स्टँड असतो आणि स्टँडला धरून तुझ्यासारखे कोणीतरी उभे असतात. समाजमंदिरात स्टँडच्या जागी मांडवाचे बांबू होते आणि तुझ्या जागी कोणीच नव्हतं. सलाइन असतं तर मी पावडर पाजत बसले असते का? भाजलेल्याच्या अंगातून पाणी आत आणि बाहेर झिरपत जातं, तीन-चार तासांत नाडी बसते, मूत्रपिंडं बंद पडतात. हेही तूच शिकवायचास. मग जाणारं पाणी मी कोणत्या वाटेने परत घालायचं होतं? मंत्राने?

मी सरसकट पाजलं नाही. ज्याचा त्याचा तळहात म्हणजे अंगाचा एक टक्का, असं मोजून कोण किती भाजलाय ते रिद्धीच्या रजिस्टरवर लिहिलं. शुद्धीवर नीट असेल, गिळता येत असेल, त्यालाच दिलं. सुयोग नावाचा तिशीतला ऑपरेटर, पाठ आणि दोन्ही पाय भाजलेले, त्याने दुसऱ्या ग्लासाला उलटी केली. झोपलेलं आतडं म्हणतोस ते हेच, असं माझ्याही मनात आलं. दहा मिनिटं थांबले, कुशीवर घेतलं आणि चमच्याने पुन्हा सुरू केलं. चार वाजता त्याने मोजपात्रात लघवी केली तेव्हा मी ते पात्र उजेडाला धरून बघितलं आणि मला हसू फुटलं. सुयोगला वाटलं म्हातारीला वेड लागलं.

हे मला कुठून सुचलं ते विचारलंसही नाहीस. निवृत्तीच्या आदल्या वर्षी आपत्तीच्या ट्रेनिंगला मला पाठवलं होतं, कारण डॉक्टर मंडळींना जायचं नव्हतं. पंचविशीतल्या एका मुलीने तिथे सांगितलं, की एकदम पुष्कळजण भाजले आणि सलाइन पुरलं नाही तर ओआरएस पाजा. सगळा हॉल हसला. मीही हसले, तुझीच बहीण ना. पण वहीत उतरवून घेतलं. पुजारी नसले तरी पायरीवर बसून कान उघडे ठेवता येतात.

तुझं मत खुशाल लिही. बहीण आहे म्हणून एक स्वल्पविरामही इकडचा तिकडे करू नकोस. सदूबद्दल मात्र मी तुला काही लिहिणार नाही, समितीलाही काही सांगणार नाही.

वहिनींना सांग, कैरीचं लोणचं पोचलं. लोभाचं तुझं तू बघ.

कुमुदिनी


बदलापूर
१२ मार्च २०२५

प्रिय कुमुदिनीवन्सं,

कुंदाचा नमस्कार. हे पत्र यांच्या नकळत टाकते आहे. नकळत म्हणजे यांच्यासमोर बसूनच लिहिते आहे, पण यांचं लक्ष असेल तर शपथ.

तुमचं पत्र आलं त्या दिवशी हे जेवले नाहीत. दुसऱ्या दिवशी माळ्यावरची जुनी मेडिकलची मासिकं उतरवली. तीस वर्षं मी ती रद्दीत घाला म्हणते आहे. सगळ्या हॉलभर धूळ, वाळवी आणि हे मधे पाट घेऊन बसलेले. जिज्ञासाची परीक्षा आहे, तरी त्या पोरीला कॉम्प्युटरवर बसवून इंग्रजी कागदांवर कागद काढायला लावले. ती म्हणाली, आजोबा, तुम्हाला तर मोबाइलचा राग येतो ना? तर हे म्हणाले, राग माणसांचा येतो, यंत्राचा नाही.

सोमवारी कोणाला न सांगता रिक्षा करून उल्हासनगरला गेले. तुमच्या अकरांपैकी सातजण तिथल्या वॉर्डात आहेत, त्यांच्या खाटेखाटेपाशी बसून आले. परवा जेवताना मधेच गाढव म्हणाले. कोणाला म्हणालात, असं मी विचारलं, तर ऐकू न आल्यासारखं करून आमटी ओरपली.

तुम्ही यांच्यावर रागवा, तो हक्क तुमचा. पण पत्रं थांबवू नका. तुमचं पत्र नाही आलं की हे मला शास्त्र शिकवतात. आपल्या प्रेमाची भुकेली,

कुंदा


बदलापूर
१४ मार्च २०२५

चि. कुमूस,

अनेक आशीर्वाद, या वेळी गाळलेले. मी चुकलो असं लिहिण्याचा मला सराव नाही, तेव्हा ते वाक्य तूच तुझ्या सुरेख अक्षरात लिहून घे आणि खाली माझी सही आहे असं समज.

पंचाहत्तर वर्षांपूर्वी परदेशातल्या तज्ज्ञांनी सांगून ठेवलं होतं, की मोठ्या दुर्घटनेत भाजलेल्यांना मीठ आणि सोड्याचं पाणी पाजावं. पुढे सलाइन जिथे तिथे मिळू लागलं आणि आम्ही मोठे लोक ते विसरलो. आता जगभरचे जळिताचे डॉक्टर पुन्हा तेच सांगताहेत: दुर्घटना मोठी, हात थोडे, तर शुद्धीतल्या माणसाला ओआरएस, घोटाघोटाने. यातला एक लेख माझ्याच मासिकात छापला होता. माझ्या आधी तो वाळवीने वाचला. घरात मी एकटाच असा निघालो, ज्याने तो वाचला नाही.

सुयोगला भेटलो. पाठीवर झोपता येत नाही म्हणून पालथा पडून माझ्याशी बोलला. त्या बाईने मला चमच्याने पाजलं, माझ्या आईनेसुद्धा एवढं पाजलं नसेल, असं म्हणाला. मग ती बाई लघवी बघून हसत होती, तिला काही त्रास आहे का, असं हळूच विचारलं. हो, जन्मापासून आहे, असं मी सांगितलं. त्याचे कागद पाहिले, सातही जणांचे पाहिले. एकाचंही मूत्रपिंड बसलेलं नाही. वॉर्डातल्या तरुण डॉक्टरणीने मला विचारलं, की हे पहिले चार तास कोणी सांभाळले? मी सांगितलं, माझ्या बहिणीने. हे वाक्य मी पन्नास वर्षांत पहिल्यांदा छाती काढून बोललो, आणि माझीच मला किळस आली, की पन्नास वर्षं लागली.

आता एक प्रश्न. रिद्धीने रजिस्टरची झेरॉक्स पाठवली. अकरा ओळी भरलेल्या आहेत, किती भाजला, किती प्याला, किती वाजता लघवी झाली. नऊ नंबरला सदूचं नाव आहे आणि नावापुढे सगळं कोरं. तू नोंद कधी अर्धवट सोडत नाहीस. एवढी बेशिस्त तू करणार नाहीस, म्हणजे हे मुद्दाम केलेलं आहे. सुनावणी २७ तारखेला आहे. त्याआधी मला सगळं हवं. समितीतल्या लोकांना मी मोजत नाही, पण त्यांनी प्रकरण पोलिसांत पाठवलं तर या वयात तुला खेटे घालावे लागतील.

उत्तर ताबडतोब टाक. पोस्टावर माझा विश्वास नाही, तुझ्यावर आहे.

तुझा
दादा


पालेगाव
१९ मार्च २०२५

ती. दादास,

सा. न. वि. वि. तुझं पत्र चारदा वाचलं. चांगलं लिहायचा तुला सराव नाही हे खरं, पण जमलं आहे.

सदूचं विचारलंस. तो इथलाच, पालेगावचा. शेतात इमारती उभ्या राहिल्या तेव्हा कारखान्यात लागला. त्याला आणलं तेव्हा अंगावर फार जखमा दिसत नव्हत्या, म्हणून लोकांनी त्याला मागे ठेवलं होतं. मी जवळ गेले. भुवया जळलेल्या, नाकपुड्यांत काजळी, आणि आवाज घोगरा. दादा, तुला पुढचं सांगायला नको. बंद खोलीतली आग त्याच्या श्वासातून आत गेली होती आणि घसा आतून सुजत चालला होता.

तो पाणी मागत होता. मी नाही म्हणाले. घसा सुजलेल्याला पाजायचं नाही, ठसका लागून जाईल. तू शिकवलंस, ट्रेनिंगमधल्या मुलीने शिकवलं, मला ते पाठ आहे. त्याच्या डावीकडचा पीत होता, उजवीकडचा पीत होता, आणि मधे हा. आधी मला सिस्टर म्हणाला. मग मावशी म्हणाला. मग आई म्हणाला. मग एक घाणेरडी शिवी दिली आणि लगेच हात जोडले. भाजलेले हात, दादा. मी त्याला टेकवून बसवलं, ओठ ओले केले आणि दुसऱ्या माणसाकडे वळले. त्याच्याकडे पुन्हा बघायचं मी टाळत होते, हे मला तेव्हाही कळत होतं. एकदा त्याची बायको धावत आली, तिला त्याच्या उशाशी बसवलं आणि मी सुयोगच्या उलटीकडे गेले. अर्ध्या तासाने गाडी आली तेव्हा त्याचा श्वास शिटीसारखा वाजत होता.

माझा निर्णय बरोबर होता. तू तपासून बघ, एक मार्क कापता यायचा नाही. पण महिनाभर मी पाण्याचा ग्लास उचलते आणि खाली ठेवते.

आता विठा म्हणते मी पाणी पाजून मारलं. मला सुटायला एकच वाक्य पुरेल, की तुझ्या नवऱ्याला मी घोटभरही पाणी दिलं नाही. ते वाक्य मी त्या बाईसमोर बोलणार नाही. नवरा पाण्याने गेला असं तिला वाटू दे. तो तहानलेला गेला, हे कळून तिचं काय भलं होणार आहे? तूही बोलायचं नाहीस. तुला माझी शपथ आहे, आणि शास्त्रात शपथेला जागा नाही वगैरे मला ऐकवू नकोस.

वहिनींना नमस्कार. मला सांभाळून घे.

कुमू


बदलापूर
२९ मार्च २०२५

चि. कुमूस,

अनेक आशीर्वाद. तुला वेगळं आत घेतलं म्हणून माझ्या वेळी काय झालं ते तुला माहीत नाही. लिहितो.

समितीत पाचजण. एकजण सुरुवातीपासून शेवटपर्यंत फोनमध्ये होता. दुसऱ्याने चहा दोनदा परत पाठवला. तिसऱ्याने मला विचारलं, की पावडर संत्र्याच्या चवीची होती की साधी? मी साधी म्हणालो, ते त्याने लिहून घेतलं. मी तासभर बोललो, त्यातलं त्या खोलीत लिहून घेतलं गेलेलं हे एवढंच. असल्या लोकांसमोर पन्नास वर्षांचं शिक्षण घेऊन उभं राहायचं म्हणजे गाढवापुढे वाचली गीता.

कल्पेशलाही बोलावलं होतं. समोरच्या दवाखान्याचा डॉक्टर म्हणून, साक्षीदार! तुझ्या अज्ञानाबद्दल तो फार गोड बोलला. मग मी परवानगी मागून त्याला प्रश्न विचारले. श्रवणयंत्र मी आधीच काढून खिशात टाकलं होतं, त्यामुळे प्रत्येक उत्तर त्याला तीन-तीनदा ओरडून द्यावं लागलं. त्या दिवशी दुपारी तुझ्याकडे श्वासनलिकेत घालायची नळी होती का? होती. ती घालता येते का? येते, सर, तुम्हीच शिकवलीत. ऑक्सिजन होता का? होता. तू स्वतः कुठे होतास? आत. शटर कुठे होतं? हे उत्तर त्याने तीनदा ओरडून दिलं तेव्हा बाहेरच्या शिपायानेही दार उघडून पाहिलं. ज्याचा घसा सुजत चालला आहे त्याला एकच औषध, ती नळी. ती साठ पावलांवर होती. त्याला ती घालायला मी शिकवलं. नळी सुबक घालायचा, म्हणून माझा लाडका होता. माणूस कसा आहे ते मी कधी पाहिलंच नाही. ही चूक तुझ्या कुठल्याही पुडीपेक्षा मोठी.

निकाल असा: ओआरएस देणं योग्य होतं, असं ते लिहून देणार. सदूच्या मृत्यूबाबत मात्र तक्रार कायम. तू पंधरा दिवसांत खुलासा केला नाहीस तर कागद पोलिसांकडे. मी तुझी शपथ पाळली. पाळताना तुला मनातल्या मनात फार बोललो.

एक गोष्ट मात्र सांगतो. विठा कोपऱ्यात बसली होती. मी हजारो नातेवाईक पाहिले. ज्याला डॉक्टरचा राग असतो तो डॉक्टरकडे बघतो. ही बाई सगळा वेळ स्वतःच्या हातांकडे बघत होती. माझे कान गेले आहेत, डोळे नाहीत.

पाडव्याला इकडे ये. श्रीखंड कुंदा करणार आहे, अपमान मी करीन. लोभात कसूर होणार नाही.

तुझा
दादा


पालेगाव
६ एप्रिल २०२५

ती. दादास,

सा. न. वि. वि. पाडव्याला आले नाही कारण तुझं पत्र पाडवा झाल्यावर मिळालं. श्रीखंड राहिलं, अपमान मात्र टपालाने घरपोच.

गुरुवारी सकाळी विठा माझ्या दारात उभी राहिली. मी आत ये म्हटलं, तर उंबऱ्यातच थांबली. बस म्हटलं, बसली नाही. तिने एकच विचारलं, की चार घोट पाण्यानं माणूस मरतो का? मला वाटलं, ही माझ्या तोंडून कबुली घ्यायला आली. आणि दादा, मी जे बोलणार नाही म्हणून तुला शपथ घातली होती तेच माझ्या तोंडून निघालं. मी तिला सांगितलं, बाई, मी त्याला घोटभरही पाणी दिलं नाही. तो मागत होता, हात जोडत होता, आणि मी दिलं नाही.

ती म्हणाली, मला ठावं हाय. तुमी नाय दिलं. मी दिलं.

मग ती खाली बसली आणि एका दमात सांगून मोकळी झाली. मी सुयोगकडे वळले तेव्हा तिने आधी पदराचं टोक भिजवून त्याच्या ओठांना लावलं, आणि मग राहवेना म्हणून घरून आणलेली बाटलीच त्याच्या तोंडाला लावली. मी नको म्हटलेलं तिने ऐकलं होतं, तरी लावली. त्याला थोडा ठसका लागला. अर्ध्या तासात त्याचा श्वास बिघडला आणि पुढे गाडीत तो गेला. तेव्हापासून तिच्या डोक्यात एकच, की आपण मारलं. विचारपूस करायला आलेल्या कल्पेशच्या माणसाला तिने ते बोलून दाखवलं, आणि चौथ्या दिवशी तो टाइप केलेला कागद घेऊन घरी आला. नवरा पाण्यानेच गेला, पण ते त्या नर्सने पाजलं, असं त्याने समजावलं. ती म्हणाली, मावशी, तुमच्या माथी मारलं की माझ्या माथ्यावरचं उतरंल, असं वाटलं. सही केली. उतरलं नाय.

दादा, त्या कल्पेशने एका विधवेचा अपराध हेरला आणि तो आपलं शटर झाकायला वापरला. मी आयुष्यात पू, किडे, गँगरीन, सगळं पाहिलं आहे. कशाचीच मला एवढी शिसारी आली नाही.

मी तिला नीट समजावलं. तुझ्यासारखं नाही, माणसासारखं. त्याला आणलं तेव्हाच घसा आतून भाजलेला होता, आवाज घोगरा होता, तो मी कानांनी ऐकला होता. सूज तासातासाला वाढते आणि श्वासाची वाट बंद करते. ते चार घोट दिले नसते तरी तो गेला असता. देऊ नये हा नियम खरा, पण तो त्या घोटांनी गेला नाही. त्याला हवी होती ती नळी, आणि ती माझ्याकडे नव्हती. समितीत डॉक्टर ओरडून सांगत होता ती हीच नळी का आणि त्याच्याकडे ती खरंच होती का, असं तिने विचारलं. मी सांगितलं.

ती रडली नाही. मग कागद मागितला. मी वही दिली. तिने आधीची तक्रार मागे घेते म्हणून लिहिलं आणि खाली नवी लिहिली. सातवीपर्यंत शिकलेली आहे, ओळी वर चढत जातात, पण एक शब्दही तिने मला विचारला नाही. माझा नवरा जिवंत असताना समोरच्या डॉक्टरने शटर पाडलं, त्याला विचारा, अशी सुरुवात आहे. मी आणि रिद्धी तिच्याबरोबर जाऊन काल ती देऊन आलो. पोचपावती घेतली. संत्र्याच्या चवीवाल्या तुझ्या साहेबानेच शिक्का मारला. तो काय करील ते मला माहीत आहे, आणि काही केलं नाही तर मी तुला घेऊन जाणार आहे, श्रवणयंत्राशिवाय.

निघताना मी तिला एक विचारलं. मला विचारायचा हक्क नव्हता, तरी विचारलं. पाणी प्याल्यावर तो काही बोलला का? तर ती म्हणाली, चौथ्या घोटाला त्यानं मान वळवली, आन् बास म्हणाला.

दादा, तो बास म्हणाला.

कळावे. आता मी पाणी पिते, मग जेवून घेते. तुझा हात डोक्यावर राहू दे.

तुझी
कुमू